ताप सारखा, रोग निराळा

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

कोकणात ताप बारमाही आहे. भाताच्या लावणीत चिखलात राबणाऱ्याला लेप्टोचा ताप गाठतो, पाऊस ओसरू लागला की डासांचे ताप येतात, आणि थंडीनंतर काजूला बोंडे धरू लागली की आमच्या दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या गावांत माकडतापाचे नाव निघते. घरातली वडीलधारी माणसे मात्र या साऱ्यांना एका वाक्यात उरकतात. "आंगात कसर आसा," एवढेच म्हणतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत हे सगळे ताप खरोखरच जुळ्या भावंडांसारखे दिसतात. थंडी वाजून अंग तापते, कपाळ ठणकते, कंबर व पोटऱ्या पिळवटतात, अन्नावरची वासना उडते, उलट्या होतात. एवढ्यावरून रोगाचे नाव सांगणे अनुभवी डॉक्टरांनाही कठीण जाते. तिथे आपली काय कथा!

आणि तरीही नाव कळणे अत्यंत गरजेचे असते. यांपैकी काही ताप वेळेवर दिलेल्या एका स्वस्त गोळीने आटोक्यात येतात, तर काहींवर त्या गोळीचा काडीचाही उपयोग नसतो. तिथे रुग्णाला सांभाळणे हाच उपचार असतो. नाव चुकले की गोळीही चुकते आणि दिवसही फुकट जातात.

मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात दहावीची पायरी ओलांडून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणी आजारी पडले की डॉक्टरांचा कागद वाचण्याचे काम माझ्याकडे येते. आता तर वाडीतल्या इतर घरांतले कागदही येतात. हे कागद वाचता वाचता, डॉक्टरांना व आरोग्यसेविकांना विचारता विचारता आणि ग्रंथालयात मिळेल ते वाचून जी माहिती जमली, ती वाचकांपुढे ठेवीत आहे. औषधोपचार सुचवणे हा माझा अधिकार नाही व हेतूही नाही. रोगी आणि डॉक्टर यांच्यात जे बोलणे होते, त्यातला आपला वाटा आपल्याला नीट उचलता यावा, एवढीच इच्छा आहे.

गोचीड म्हणजे नेमके काय?

गुरांच्या कानात, गळ्याखाली, आचळांपाशी चिकटलेली, रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली गोचीड आपण सर्वांनी पाहिलेली आहे. आपण तिला कीटक म्हणतो. पण वास्तविक पाहता ती कोळी आणि विंचू यांच्या कुळातली आहे. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. पालापाचोळ्यात किंवा गवताच्या टोकाला ती वाट पाहत बसते आणि जवळून जाणाऱ्या जनावराला वा माणसाला चिकटते.

तिच्या आयुष्याच्या तीन अवस्था आहेत. अंड्यातून बाहेर पडते ती सहा पायांची अळी. मग आठ पायांचे पिल्लू. आणि शेवटी पूर्ण वाढलेली गोचीड. प्रत्येक अवस्थेत तिला रक्ताचे एक जेवण लागते. अळी एखाद्या रानउंदराचे रक्त पिते, पिल्लू माकडाला किंवा माणसाला चावते, आणि मोठी मादी गुरांवर पोसून अंडी घालते. एका प्राण्याच्या रक्तातला रोग दुसऱ्या प्राण्यापर्यंत पोहोचतो तो असा. माणसाला धोका मुख्यतः पिल्लापासून असतो, आणि ते पिल्लू जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढे असते. ते चावले तरी बहुधा कळत नाही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

माकडतापाची कथा

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा (आताच्या शिवमोग्गा) जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली, आणि त्याच सुमारास आसपासच्या गावांत माणसांना कडक ताप येऊ लागला. त्या वेळी पुण्याला विषाणू संशोधन केंद्र होते. १९५२ साली स्थापन झालेले हेच केंद्र पुढे १९७८ मध्ये राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. तिथल्या शास्त्रज्ञांना प्रथम पीतज्वराची शंका आली, कारण पीतज्वरातही माकडे मरतात, आणि तो रोग भारतात कधी नव्हता. तपासाअंती निघाला तो एक अगदी नवाच विषाणू. त्याचे जवळचे नातेवाईक रशियाच्या जंगलात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराचे विषाणू आहेत, असेही दिसून आले. त्या जंगलावरून रोगाला 'क्यासनूर जंगल रोग' हे नाव पडले. लोकांनी त्याला 'माकडताप' म्हटले.

अनेक दशके हा रोग मुख्यतः शिवमोग्गा व आसपासच्या जिल्ह्यांपुरता राहिला. २०१२ नंतर मात्र तो पश्चिम घाटाच्या कडेने दूरवर दिसू लागला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. दोन्हीकडे काजूच्या बागांत काम करणारी माणसे मोठ्या प्रमाणात सापडली. यामागचे कारण उघड आहे. गोचिडीच्या पिल्लांचा सुळसुळाट डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतो, आणि काजू वेचण्याचा हंगामही फेब्रुवारी ते मे. झाडाखाली सुकी पाने साचलेली, त्यातच बोंडू पडलेले, आणि ते वेचायला वाकून, बसून, हाताने पाने सारावी लागतात.

नावामुळे एक मोठा गैरसमज पसरला आहे. माकडताप माकड चावल्याने होत नाही, माकडाच्या नुसत्या सावलीनेही होत नाही. माकड हे आपल्यासारखेच या रोगाचे भक्ष्य आहे. ते मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. एका माणसाकडून दुसऱ्या माणसालाही हा रोग होत नाही. तेव्हा रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागवण्याचे काहीच कारण नाही.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांनी ताप एकाएकी भडकतो. डोके व अंग विलक्षण दुखते, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होतात. काहींच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. आठवडाभराने ताप उतरतो. बहुतेक रोगी इथेच बरे होऊ लागतात, मात्र अशक्तपणा बरेच दिवस टिकतो. शंभरातल्या दहा-वीस जणांना एक-दोन आठवडे बरे वाटून ताप पुन्हा येतो, आणि हा दुसरा ताप मेंदूकडे जातो. मान ताठते, हात कापतात, डोळ्यांसमोर अंधारते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. साधारणपणे शंभर रुग्णांमागे ३ ते ५ दगावतात. या विषाणूला मारणारे खास औषध नाही. शरीरातले पाणी टिकवणे, रक्तस्रावावर नजर ठेवणे, तापाला साधे पॅरासिटामॉल देणे, याच मार्गाने रोग्याला पलीकडच्या काठाला न्यावे लागते. कर्नाटकात पूर्वी एक लस दिली जात असे. पण तिचा गुण कमी पडतो असे आढळल्याने २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. नव्या लशीचे काम चालू आहे.

काळी खपली आणि तळव्यावरचे ठिपके

आता गोचिडीच्याच एका धाकट्या भावंडाकडे वळू. झुडपांत, उंच गवतात चिगर नावाच्या माइटची अळी असते. ती इतकी सूक्ष्म की नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. तिच्या चाव्यातून जो ताप येतो त्याला स्क्रब टायफस म्हणतात. 'स्क्रब' म्हणजे झुडपी रान. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्याअखेर नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे अनेक रुग्ण सापडले आणि काही दगावले. चावल्यापासून ताप येईपर्यंत ६ ते २१ दिवस जातात. म्हणजे गवत कापल्याची आठवणसुद्धा तोवर पुसट झालेली असते.

या रोगाची एक खूण फार मोलाची आहे. जिथे अळी चावली तिथे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही; म्हणून कोणाचे लक्ष जात नाही. शिवाय ती असते काखेत, जांघेत, कमरेला जिथे नाडी बांधतो तिथे, बायकांच्या छातीखाली. म्हणजे नेमकी अशा ठिकाणी, जे दाखवायला रोग्याला संकोच वाटतो. सगळ्यांनाच ही खपली येते असे नाही. पण आली आणि दिसली, तर निदान निम्मे झाले. ती शोधायला यंत्र लागत नाही. घरातल्या बाईने बाईचे आणि पुरुषाने पुरुषाचे अंग उजेडात एकदा नीट पाहिले, की झाले.

तिसरा आहे तो गोचिडीचा ठिपक्यांचा ताप. हा बहुधा कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडीमुळे होतो. त्यामुळे त्याला रान लागत नाही, शहरातली चाळही पुरते. तापाच्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मनगटे व घोटे यांच्यापाशी लाल ठिपके उठतात आणि ते तळहात व तळपाय यांवरही दिसतात. साध्या पुरळात तळवे सहसा सुटतात. म्हणून तापलेल्या मुलाचे तळवे उलटून पाहण्याची सवय आईला असावी.

हे दोन्ही ताप विषाणूंचे नव्हेत, जिवाणूंचे आहेत. डॉक्सिसायक्लिन नावाच्या औषधाने ते बहुधा दोन दिवसांत उतरू लागतात. पेनिसिलिनच्या जातीची प्रतिजैवके मात्र त्यांच्यावर चालत नाहीत. एरवी 'भारी' म्हणून दिलेले इंजेक्शन इथे फुकट जाते आणि जुनी, स्वस्त गोळी माणूस वाचवते. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू यांवर घाला येतो.

नाव चुकण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरचे आहे. तिथे दर पावसाळ्यात मुले मेंदूज्वराने दगावत. डासांपासून होणारा जपानी मेंदूज्वर हे कारण सर्वांच्या ओठावर होते. त्यावर लस आली, तरी मुले मरतच राहिली. २०१४ ते २०१६ च्या दरम्यान रक्त तपासले तेव्हा मेंदूज्वराच्या अर्ध्याहून अधिक रुग्णांत स्क्रब टायफसची खूण सापडली. पुढे ताप मेंदूत चढण्याची वाट न पाहता, तो साधा असतानाच योग्य औषध देण्याचे धोरण तिथल्या आरोग्य केंद्रांतून स्वीकारले गेले.

'पेशी कमी झाल्या' म्हणजे डेंग्यूच का?

आपल्याकडे एक समीकरण रूढ झाले आहे. रक्त तपासले, पेशी कमी निघाल्या, म्हणजे डेंग्यू! प्लेटलेट नावाच्या या पेशी डेंग्यूमध्ये उतरतात हे खरे. पण त्या माकडतापातही उतरतात, स्क्रब टायफसमध्ये उतरतात, लेप्टोत आणि हिवतापातही उतरतात. पेशींचा आकडा रोग किती गंभीर आहे हे सांगायला उपयोगी. रोग कोणता हे तो सांगत नाही. लाल डोळ्यांचेही तसेच. लेप्टोत डोळे लाल होतात आणि माकडतापातही होतात. पुरळ डेंग्यूतही येते आणि ठिपक्यांच्या तापातही येते.

मग फरक कशाने करायचा? एकेक लक्षण सुटे न धरता त्यांची गाठ काळ, स्थळ आणि कामाशी घालायची. भाताच्या चिखलातून किंवा पुराच्या पाण्यातून अनवाणी चालल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दाबवेनात, डोळे लाल, लघवी कमी किंवा कावीळ दिसू लागली, तर लेप्टो आठवावा. उंदराच्या मुतामार्फत तो पसरतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईनेही त्याची साथ पाहिली. घराभोवती साठलेले स्वच्छ पाणी, दिवसा चावणारे डास आणि डोळ्यांच्या मागे दुखणे, तर डेंग्यू. ठरावीक वेळाने हुडहुडी भरून घाम फुटणे, तर हिवताप. पावसाळ्याअखेर गवत-झुडपात काम आणि अंगावर काळी खपली, तर स्क्रब टायफस. उन्हाळ्याच्या तोंडावर काजूच्या बागेत, पाल्यापाचोळ्यात काम आणि गावात माकडे मेल्याची वार्ता, तर माकडताप.

अर्थात निसर्ग आपली वेळापत्रके पाळीत नाही. एकाच माणसाला एकाच वेळी दोन रोगही होऊ शकतात. म्हणून हे शेवटचे उत्तर नव्हे. कोणत्या दिशेने शोधावे याची ही खूण आहे. शेवटचा शब्द तपासणीचा.

शब्दांची गफलत

इथे एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. २०१७ च्या मार्च महिन्यात, मी पाचवीत असताना, आमच्या वाडीतल्या एका काकीला कडक ताप आला. बाजारातल्या दवाखान्यात दोन दिवस इंजेक्शने झाली. मग एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी खरे तर योग्य तेच विचारले. "जंगलात गेला होता का?" काकी म्हणाली, "नाय." "गोचीड चावली होती का?" "नाय." कागदावर तसे लिहिले गेले. पेशी कमी होत्या, म्हणून डेंग्यू धरून उपचार झाले. ताप उतरला, काकी घरी आली, आणि मजुरी बुडते म्हणून चार दिवसांनी पुन्हा कामाला गेली. पुढल्याच आठवड्यात ताप परतला, आणि आता तिच्या हातात पाण्याचा तांब्याही ठरेना.

या खेपेला आशाताई घरी आल्या. त्यांनी जंगलाचे नाव काढले नाही. त्यांनी विचारले, "काकी, ताप येवच्या आधी पंधरा दिवस तू खंय खंय गेललंस आणि काय काय काम केलंस?" मग सगळे बाहेर आले. काकी रोज काजूच्या बागेत मजुरीला जात होती. गोठ्यात घालायला पातेरा आणीत होती. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मजुरीचे दिवस आणि खाडे मांडलेले होते. त्यावरून पहिल्या तापाआधी कोणकोणत्या दिवशी ती बागेत होती हेही मोजता आले. बागेच्या वरच्या अंगाला माकड मरून पडल्याचे तिने स्वतः पाहिले होते. "मग दवाखान्यात 'नाय' कशाला म्हणालीस?" असे कोणीतरी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "जंगलात मी कित्याक जातलंय? मी काजी येचूक गेललंय!"

रक्त पुढे पाठवले गेले आणि माकडतापच निघाला. काकी वाचली. पण त्या वर्षीचा काजूचा हंगाम बुडाला आणि हातांचा कंप जायला पावसाळा उजाडावा लागला.

काकी खोटे बोलली नव्हती. डॉक्टरांनीही प्रश्न टाळला नव्हता. दोघांची भाषा मराठीच होती. फक्त शब्दांची कुंपणे निराळी होती. डॉक्टरांच्या 'जंगला'त काजूची बाग येत होती. काकीच्या 'जंगला'त ती येत नव्हती. तिच्या लेखी जंगल म्हणजे जिथे वाघ-गवे असतात ते. तीच गत 'गोचिडी'ची. काकीच्या दृष्टीने गोचीड ही गुरांना होते, ती फुगलेली असते आणि दिसते. खसखशीएवढ्या पिल्लाला ती गोचीड म्हणतच नव्हती. आणि ते चावले हे तिला कळलेही नव्हते. एका शब्दाचा अर्थ माणसागणिक कसा रुंदावतो वा आक्रसतो, हे आम्ही मराठीच्या तासाला शिकतो. तो धडा परीक्षेच्या पेपरापुरता नाही, हे मला या कागदांनी शिकवले.

तपासणीचा दिवस

दुसरी गफलत तारखांची होते. प्रत्येक तपासणीची एक वेळ असते. माकडतापाचा विषाणू रक्तात पहिल्या काही दिवसांत सापडतो. त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्ये मात्र साधारण पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. डेंग्यूची एक चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, तर दुसरी त्यानंतर. स्क्रब टायफसची प्रतिद्रव्ये पहिल्या आठवड्यात नसूही शकतात. हिवतापाचे जंतू पहिल्या रक्तनमुन्यात दिसले नाहीत तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो. म्हणूनच 'निगेटिव्ह' या शब्दाचा अर्थ 'हा रोग नाहीच' असा नेहमी नसतो. 'आजच्या दिवशी, या चाचणीत सापडला नाही' असा असतो. ताप नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला हे घरच्यांनी ठामपणे सांगितले, तर कोणती चाचणी करावी हे डॉक्टरांना ठरवता येते. "झाले असतील पाच-सहा दिवस" या उत्तराने काम भागत नाही.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

माझी सूचना अगदी साधी आहे. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर दवाखान्यात जाताना एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात.

१. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला? मध्ये उतरून पुन्हा आला का?

२. त्याआधीच्या तीन आठवड्यांत कोणती कामे केली? काजू वेचणे, सरपण आणणे, पातेरा गोळा करणे, गवत कापणे, गुरे चारणे, लावणी, गटार उपसणे, यांपैकी काय? 'जंगल' हा शब्द न वापरता कामाचे नाव लिहावे.

३. घरात गुरे, कुत्री आहेत का? त्यांच्या अंगावर गोचिडी आहेत का?

४. गावात, बागेत माकड मेल्याचे कोणी पाहिले का? केव्हा?

५. अंगावर कुठे काळी खपली, तळव्यांवर ठिपके, हिरड्यांतून रक्त, पिवळे डोळे दिसतात का? आडजागा तपासल्या का?

६. वाडीत आणखी कोणाला असाच ताप आहे का?

७. आतापर्यंत कोणत्या गोळ्या, इंजेक्शने घेतली?

हा कागद बोलू न शकणाऱ्या, बुजणाऱ्या रोग्याच्या वतीने बोलतो. आणि त्याबरोबर एक पथ्य पाळावे. तापात अंगदुखीसाठी दुकानातून ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. रक्तस्राव होऊ शकणाऱ्या तापांत त्या घातक ठरतात. डॉक्सिसायक्लिनही आपल्या मनाने घेऊ नये. गरोदर स्त्रीसाठी डॉक्टर निराळे औषध निवडतात.

चावूच नये म्हणून

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ कपडे घालावेत आणि त्यांची टोके मोज्यांत खोचावीत. आरोग्य खात्याने सुचवलेले गोचीड पळवणारे तेल उघड्या अंगाला लावावे. पाचोळ्यावर बसू नये, भाकरी खायला स्वच्छ जागा पाहावी. घरी येताच गरम पाण्याने अंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुवावेत. पातेरा थेट गोठ्यात आणल्याने गोचिडी आपणच घरी आणतो, याचे भान असावे.

चिकटलेली गोचीड दिसली तर तिला चटका देऊ नये, रॉकेल ओतू नये. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढावी व जागा साबणाने धुवावी. ती बोटांनी चिरडू नये. २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये क्रायमियन-काँगो नावाचा गोचिडीमार्फत पसरणारा रक्तस्रावी ताप भारतात प्रथम निश्चित झाला. तो बाधित जनावराच्या वा माणसाच्या रक्तातूनही पसरतो. त्या वेळी रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. तेव्हा गुरांच्या गोचिडी उघड्या हातांनी काढून ठेचण्याची सवय सोडलेली बरी.

माकड मेले तर त्याला श्रद्धेने पुरण्याची रीत अनेक गावांत आहे. भावना चांगली आहे. परंतु त्याला हात लावण्यापूर्वी, किंबहुना जवळ जाण्यापूर्वीच, आरोग्य किंवा वन कर्मचाऱ्यांना कळवावे. ते तपासणीसाठी नमुने घेतात आणि भोवतालच्या जागेवर गोचीडनाशक पावडर मारतात. मेलेले माकड ही गावाला मिळालेली आगाऊ सूचना असते. ती दडवली तर नुकसान आपलेच.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण माझ्यासारखेच घरातले पहिले शिकलेले आहेत. पदवी मिळेल तेव्हा मिळेल. पण घरच्यांच्या बोलण्याचा आणि दवाखान्यातल्या कागदाचा मेळ घालण्याचे काम आजच आपल्याकडे आलेले आहे. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर हिवाळ्यात एखाद्या गावात भरते, आणि काजूचा हंगाम त्यानंतर लगेचच सुरू होतो. या वर्षी शिबिराच्या कामांत वरील सात प्रश्नांची एक पानाची पत्रिका, त्या त्या गावच्या बोलीत लिहून, घरोघरी देण्याचे काम घ्यावे, अशी मी संबंधित प्राध्यापकांना नम्र विनंती करते. बोलीतले शब्द गोळा करण्याची जबाबदारी आम्ही कला शाखेचे विद्यार्थी आनंदाने घेऊ.